प्रतिक्रियेला उत्तर: बाहेरच्या अटींनी लोकशाही येते का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही जरा लांबणार. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अटींनी लोकशाहीला मदत होते, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लोकशाही लोक आणतात, आंतरराष्ट्रीय संस्था अटी घालून नंतर श्रेय लाटतात, नाटोकडून तर लोकशाहीची अपेक्षाच नको, आणि त्या अटींत दम असता तर पंतप्रधान ओर्बान यांच्या राजवटीत हंगेरीतल्या लोकशाहीची जी गत झाली ती झालीच नसती.

लोकशाही लोकच आणतात, यावर वादच नाही. पण म्हणून संस्थांचं काम श्रेय लाटण्यापुरतं उरत नाही. स्लोव्हाकियाचं बघा. नोव्हेंबर 1996 मध्ये फ्रांतिशेक गाउलिएदर या खासदाराने पंतप्रधान मेचिअर यांचा पक्ष सोडला. लगेच त्याच्या नावाचं आधीच सही करून ठेवलेलं राजीनामापत्र पुढे आलं आणि डिसेंबरात संसदेने त्याची जागा काढून घेतली. 1997 च्या जुलैत घटनात्मक न्यायालयाने त्याच्या हक्कांचा भंग झाल्याचा निर्वाळा दिला, तरी संसदेने जागा परत केली नाही. युरोपीय संघाने 1994 आणि 1995 मध्येच निषेधाचे खलिते धाडले होते. मेचिअर यांनी तेही असेच गुंडाळून ठेवले. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण डिसेंबर 1997 मध्ये लक्झेंबर्गच्या बैठकीत संघाने पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक यांच्यासह सहा देशांना सदस्यत्वाच्या वाटाघाटींना बोलावलं आणि स्लोव्हाकियाला वगळलं. कारण आर्थिक नव्हतं; संघात येण्यासाठी 1993 मध्ये ठरलेल्या कोपनहेगन निकषांतली राजकीय अट, म्हणजे स्थिर लोकशाही आणि कायद्याचं राज्य, पुरी होत नव्हती. एवढ्याने मेचिअर सुधारले नाहीत. विरोधकांच्या हाती मात्र मतदाराला सहज कळेल असा मुद्दा आला: शेजारी आत चालले आणि आपण बाहेर. सप्टेंबर 1998 च्या निवडणुकीत सुमारे 84 टक्के मतदान झालं. मेचिअर यांचा पक्ष तरीही पहिलाच आला, 150 पैकी 43 जागा घेऊन! पण सरकार बनवायला पुरेसे सोबती मिळेनात. डाव्यांपासून हंगेरियन अल्पसंख्याकांच्या पक्षापर्यंत, एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या चार गटांनी 93 जागांची मोट बांधली. ती टिकली त्यात सदस्यत्वाच्या आशेचा वाटा मोठा होता, असं माझं मत. 1 मे 2004 ला देश संघात आला.

आता हंगेरी. अट चालते ती उंबरठ्याबाहेर. एकदा आत घेतलं की न देण्यासारखं हाती फारसं उरत नाही. संघाच्या कराराच्या कलम 7 खाली एखाद्या सदस्य देशाचा मतदानाचा हक्क गोठवायचा, तर आधी गंभीर उल्लंघन झाल्याचं बाकीच्या सगळ्या सदस्यांनी एकमताने ठरवावं लागतं, आणि पोलंड आणि हंगेरीची सरकारं बरीच वर्षं एकमेकांना पाठीशी घालत होती. शेवटी संघाने पैशाचा नळ आवळला: डिसेंबर 2022 मध्ये हंगेरीचे सुमारे 6.3 अब्ज युरो अडकवले. ओर्बान सत्तेत परतल्याला तोवर 12 वर्षं झाली होती.

खरं तर तुमच्या जागी मी हंगेरीऐवजी कंबोडिया पुढे केला असता. 1992-93 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिथे निवडणूक घेतली आणि ती चांगली पार पडली. राजघराण्याच्या फुनसिनपेक पक्षाला 58, आधीपासून सत्तेत असलेल्या हुन सेन यांच्या पक्षाला 51 जागा. यादवी थांबवणाऱ्या शांतता करारानुसार संरक्षण, अर्थ, गृह यांसह पाच खात्यांवर संयुक्त राष्ट्रांची देखरेख असायला हवी होती. प्रत्यक्षात पोलीस आणि जिल्हा प्रशासन जुन्याच पक्षाकडे राहिलं. ख्मेर रूज या कडव्या कम्युनिस्ट गटाने शस्त्रं खाली ठेवली नाहीत, मग सैन्यकपातही बारगळली. हरलेल्या पक्षाने सत्तेत निम्मा वाटा मागितला, दोन पंतप्रधान नेमावे लागले, आणि जुलै 1997 मध्ये दुसरे पंतप्रधान हुन सेन यांनी फुनसिनपेकच्या पहिल्या पंतप्रधानाला बळाने हटवलं.

नाटोबद्दल वाद नाही. 1949 मध्ये हुकूमशहा सालाझारचा पोर्तुगाल तिचा संस्थापक सदस्य होता. लष्करी युतीकडून लोकशाही आणण्याची अपेक्षा धरूच नये.

तुमच्यामुळे एक दुरुस्ती करतो आहे. मूळ लेखात निवडणूक निरीक्षक पथकांना मी जे वजन दिलं होतं, ते कंबोडियापुढे टिकत नाही. तो परिच्छेद बदलून आता पोलीस आणि जिल्हा प्रशासन कोणाच्या हाती होतं, त्यावर लिहितो.