झाडकामाचा धंदा वाढवायचा असेल, तर मे-जूनच्या बाहेर वाढवा

झाडांच्या छाटणीची कामे घेणारे आम्ही छोटे ठेकेदार एकत्र जमलो आणि धंदा वाढवण्याचा विषय निघाला, की बोलणे हमखास यंत्रांवर येऊन थांबते. कोणाला हायड्रॉलिक शिडीची गाडी हवी असते, तर कोणाला आणखी मोठी चेनसॉ (यंत्रावर चालणारी करवत). पुण्यात हा व्यवसाय करताना माझे मत मात्र वेगळे होत गेले आहे. आमच्या कामातले पुष्कळसे अपघात वर्षभराचे काम वळवाचा पाऊस आणि मृगाच्या मधल्या थोड्या आठवड्यांत कोंबल्यामुळे होतात, आणि म्हणून नव्या सेवा सुरू करायच्या त्या उरलेल्या महिन्यांसाठी, शक्यतो जमिनीवर उभे राहून करता येतील अशाच सुरू कराव्यात.

पहिल्या वादळात कुठेतरी एखादा गुलमोहर उभ्या गाडीवर कोसळतो आणि शहरातल्या सगळ्या सोसायट्यांना एकाच सकाळी आपापली झाडे आठवतात. मग नाक्यावरून मजूर उचलले जातात, त्यांना दोराची गाठ मारता येते की नाही हे विचारायलाही कोणाला सवड नसते, आणि दिवसाला एक झाड करणारी टोळी तीन झाडे उरकू लागते. नेमके याच दिवसांत कावळ्यांची घरटी भरलेली असतात आणि पावसाने साल निसरडी झालेली असते. त्यातून एखाद्या उंच फांदीवर आग्या मोहोळ असले आणि चेनसॉच्या आवाजाने ते उठले, तर दोराला बांधलेल्या माणसाला पळायलाही जागा नसते.

मोबदल्याची पद्धतही या घाईत भर घालते. ‘लाकूड तुम्हीच घेऊन जा की, वर पैसे कशाला?’ असे सांगणारे सेक्रेटरी प्रत्येक पेठेत भेटतात. ज्याची मजुरी वखारीत विकल्या जाणाऱ्या लाकडातून निघायची आहे, तो वाळकी काटकी सोडून जाड, निरोगी फांदीलाच हात घालणार, यात त्याला तरी काय दोष द्यायचा? कामाचा दर लाकडापासून वेगळा लावणे आणि कोणत्या फांद्या काढायच्या ते आधी लेखी ठरवणे, ही माझ्या मते या धंद्यातली पहिली सुरक्षा-व्यवस्था आहे. हेल्मेट त्यानंतर येते.

जड फांदी एकाच घावात वरून कापली, तर ती तुटताना खोडाची साल उभी सोलून नेते आणि कधी कधी झोका घेऊन कापणाऱ्याच्याच अंगावर येते. म्हणून खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून, जाडीच्या पाव ते तृतीयांश इतकी खाच घ्यायची, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवायचे आणि शेवटी राहिलेला खुंट फांदीच्या बुडाशी दिसणाऱ्या फुगीर वळीला धक्का न लावता काढायचा. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून दाखवून दिले, की झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतून कोंडून घेते आणि त्याभोवती नवे लाकूड वाढवते. ही वळीच कापली, तर तो बंदोबस्त ढासळतो आणि काही वर्षांनी तिथे ढोली दिसू लागते. आमच्याकडचा सपाट ‘शेंडा मारण्याचा’ प्रकार तर याहून वाईट आहे, कारण त्यानंतर फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि वाऱ्याला तेच आधी निखळतात.

चेनसॉ एका हाताने चालवू नये, कारण पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की ती उसळून थेट तोंडाकडे येते. शिडीवर उभे राहूनही ती चालवू नये. वर कापणाऱ्याचे दोन स्वतंत्र बांध असावेत, म्हणजे चुकून एक दोर कापला गेला तरी दुसरा राहतो. मात्र काम घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो: वरचा माणूस अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्यात बेशुद्ध लटकला, तर अग्निशमन दल येण्याआधी त्याला खाली कोण आणणार? खाली दुसरा चढणारा माणूस, त्याचा स्वतःचा पट्टा आणि जास्तीचा दोर तयार नसेल, तर त्या दिवशी काम सुरूच करू नये. विजेच्या तारा जवळ असतील, तर महावितरणकडून वीजपुरवठा रीतसर बंद करून घेतल्याशिवाय आणि तारा जमिनीशी जोडल्याची (अर्थिंगची) खात्री झाल्याशिवाय फांदीला हात लावू नये. हिरव्या फांदीतून आणि ओल्या बांबूतूनही वीज वाहते. कामगाराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर येते, त्यामुळे विम्याचा हप्ता प्रत्येक कामाच्या दरात धरलाच पाहिजे. परवानगीचेही तसेच आहे. नागरी क्षेत्रातील झाडांसाठीच्या 1975 च्या राज्य कायद्यानुसार सोसायटीच्या आवारातले झाडही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या कक्षेत येते आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे वा त्याहून जुनी झाडे वारसा वृक्ष मानली जातात.

आता वाढीविषयी. सर्वांत मोठी मागणी तपासणीची निर्माण होऊ शकते, असे मला वाटते. ऑक्टोबरमध्ये पालवी भरगच्च असताना वाळकी फांदी खालूनच ओळखू येते. लाकडी हातोडीने बुंधा ठोकला की पोकळी बद आवाज देते. बुडाशी कवकाची कडक छत्री उगवली असेल, तर मुळे कुजत असण्याची शक्यता धरावी लागते. याचा छायाचित्रांसह लेखी अहवाल सोसायट्या विकत घेतात, कारण झाड पडल्यावर विचारणा त्यांच्याकडेच होते. दुसरे काम बुंध्याभोवतीचे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक काढण्याचे. दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिला होता, पण आपल्याकडे आजही गळ्यापर्यंत सिमेंट चढवलेली झाडे गल्लोगल्ली दिसतात. छाटलेल्या फांद्यांचा भुगा करून तो आच्छादन म्हणून परत त्याच आवारात पसरण्याची सेवाही चालते. यंत्र सुरुवातीला भाड्याने घ्यावे, आणि भुगा खोडाला टेकवू नये एवढे पथ्य पाळावे.

पुनर्रोपणाच्या भानगडीत मात्र मी पडत नाही. मोठ्या झाडाची मुळे महिनोन् महिने आधी टप्प्याटप्प्याने कापून मुळांचा मातीसकट गड्डा तयार करावा लागतो, आणि ग्राहकाला तर ते पुढच्या आठवड्यात हलवून हवे असते. असे काम घेतल्यास पैसे मिळतात, झाड बहुधा मरते.

आम्ही आता वार्षिक करार करतो, त्यामुळे चढणारी माणसे बाराही महिने पगारावर ठेवता येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर अनोळखी मजूर घ्यावे लागत नाहीत. जूनमध्ये फोन करणाऱ्या नव्या सोसायटीला आधी फक्त पाहणीची वेळ मिळते; धोक्याची फांदी असेल तेवढी काढतो आणि बाकीची छाटणी पाऊस संपल्यावरची लिहून देतो. काही जण नाराज होऊन दुसऱ्याला बोलावतात, आणि ते काम जाऊ द्यायची आमची तयारी असते.