डॉलर नेताना: जाण्याचा आकडा वेगळा, येण्याचा वेगळा

परदेशी निघालेल्या घरात शेवटच्या आठवड्यात एक प्रश्न हमखास निघतो, रोख किती न्यायची? टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी छातीठोकपणे लिहितं, "पाच हजार डॉलरपर्यंत कुणी विचारत नाही." हे साफ चुकीचं आहे, आणि असल्या सल्ल्यावर विसंबून सरळमार्गी माणसं कस्टम्सच्या टेबलासमोर उभी राहतात.

पाच हजार हा भारतात येतानाचा, ज्याच्या वर घोषणा करावी लागते तो आकडा आहे. जातानाचा आकडा आहे तीन हजार. भारतात राहणाऱ्या माणसाला एका परदेश प्रवासासाठी नोटांच्या रूपात ३,००० डॉलर, किंवा तितक्याच किमतीचे युरो, पौंड, दिरहम, एवढंच चलन घेता येतं. उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकी चलन आधीच भरलेल्या बँकेच्या कार्डावर. परदेशासाठी पैसे काढायची वर्षाला अडीच लाख डॉलरची जी मर्यादा सगळ्यांना पाठ असते ती एकूण रकमेची आहे, रोखीची नाही. बँकेतला माणूस "अडीच लाखांपर्यंत चालतं" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण ऐकणारा भलतंच समजून घरी येतो.

याला अपवाद आहेत. इराक आणि लिबियासाठी ५,००० डॉलर रोख. हज आणि उमराहच्या यात्रेकरूंसाठी वेगळी सवलत. आणि इराण, रशिया व जुन्या सोव्हिएत संघातून निघालेल्या राष्ट्रकुलातल्या देशांसाठी सगळी रक्कम रोख नेता येते. या शेवटच्या अपवादाकडे आपल्याकडच्या पालकांनी नीट लक्ष द्यावं. एमबीबीएससाठी मुलं रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तानला जातात आणि पहिल्या वर्षाची फी, होस्टेलचे पैसे डॉलरमध्ये सोबत नेतात. इथून निघताना ते कायदेशीर आहे, पण या तिन्ही देशांत उतरताना १०,००० डॉलरच्या वर रोख असेल तर लेखी घोषणा करावी लागते. अठरा वर्षांच्या पोराला हे विमानात बसण्याआधी माहीत असलं पाहिजे. तिथे भाषा कळत नाही, मागे रांग असते, आणि एजंटचा माणूस बाहेर उभा असतो.

आता खरेदी. मनी चेंजर फोर्टातला असो, दादरचा असो की ठाण्याचा, रिझर्व्ह बँकेचा परवाना दुकानात लावलेला दिसला पाहिजे. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट दाखवायचं, चलन कशासाठी हवं ते सांगणारा ए-टू फॉर्म भरायचा. ५०,००० रुपयांपर्यंतच रोखीने देता येतात, त्यावरचे पैसे बँकेतूनच. प्रवासाच्या ६० दिवसांपेक्षा आधी चलन विकत मिळत नाही. जीएसटीची धास्ती नको. तो पूर्ण रकमेवर नसतो, रकमेच्या एका लहान हिश्श्यावर असतो. अडीच लाख रुपयांच्या खरेदीला १,७५० रुपये करपात्र धरले जातात आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ३१५ रुपये. एवढे वाचवायला कुणाच्या तरी ओळखीने बिलाशिवाय डॉलर घेणं हा प्रवासातला सगळ्यात महाग सौदा ठरू शकतो, कारण विमानतळावर तुमच्या बाजूने बोलणारी वस्तू एकच, ते बिल.

बिल ज्याच्या नावाचं त्याच्याचकडे नोटा हव्यात. चौघांचं कुटुंब प्रत्येकी ३,००० प्रमाणे १२,००० डॉलर घेऊन जाऊ शकतं. पण आपल्याकडे पद्धत अशी की सगळं पाकीट बाबांच्या बॅगेत. एक्स-रे झाला, बॅग उघडली, तर एका माणसाकडे १२,००० डॉलर निघतात आणि बाकीचे तिघे पुढे गेटकडे गेलेले असतात. तेव्हा मोठ्यांनी आपापले पैसे आणि आपापलं बिल स्वतःजवळ ठेवावं. लहान मुलांचा वाटा त्यांच्या बिलासकट आई किंवा वडिलांनी वेगळ्या पाकिटात ठेवावा. आणि हेच कुटुंब अमेरिकेत उतरलं तर तिथे उलटा हिशोब लागतो. एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरतात आणि १०,००० डॉलरच्या वर गेली की १०५ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. कितीही रक्कम नेता येते, फक्त सांगावी लागते. युरोपीय संघात १०,००० युरो, ब्रिटनमध्ये १०,००० पौंड, ऑस्ट्रेलियात १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर घोषणा. सिंगापूरला २०,००० सिंगापूर डॉलरच्या वर, दुबईला ६०,००० दिरहमच्या वर.

नोटा घेताना प्रत्येक नोट उजेडात बघा. शाईचा ठिपका, बँकेचा शिक्का, फाटलेला कोपरा असलेला डॉलर बाहेर अनेक ठिकाणी नाकारतात. शंभराची नोट २०१३ पासूनची, निळी पट्टी असलेली मागा. जुनी नोट बाद नाही, पण दुकानदार खळखळ करतो. घरात पडून असलेले कागदी पौंड मात्र नेऊ नका. २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर ब्रिटनमधल्या दुकानांत चालत नाहीत.

सुरक्षा तपासणीबद्दल खूप गैरसमज आहेत. डॉलरची नोट एक ग्रॅमची. शंभराच्या शंभर नोटा म्हणजे दहा हजार डॉलर, शंभर ग्रॅम वजन आणि जेमतेम एक सेंटीमीटर जाडीची गड्डी. एवढीशी गोष्ट दिसणार नाही असं वाटतं. एक्स-रेच्या पडद्यावर कागद, कापड, अन्न अशा वस्तू नारिंगी दिसतात आणि नोटांची गड्डी नेटक्या कडांची, एकसारखी घट्ट वीट म्हणून वेगळी उठून दिसते. ती साडीच्या घडीत घातली, पुस्तक कोरून ठेवली, लोणच्याच्या बरणीखाली दडवली, तरी कडा लपत नाहीत. उलट फॉइलमध्ये गुंडाळली तर संशय वाढतो. सीआयएसएफचा, म्हणजे विमानतळाची सुरक्षा सांभाळणाऱ्या दलाचा जवान शस्त्र आणि स्फोटकं शोधत असतो, चलनाचा कायदा राबवणं त्याचं काम नाही. पण मोठी रोकड दिसली की तो कस्टम्सला कळवतो. आणि लपवलेली रक्कम सापडली की "मला नियम माहीत नव्हता" हे वाक्य कुणालाही खरं वाटत नाही. अनेकांचं खरं नुकसान इथे होतं, रकमेपेक्षा लपवण्यामुळे.

म्हणून साधी रीत. नोटा चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. चेन असलेल्या पाऊचमध्ये, बिलासकट, हँडबॅगेत. पाऊच ट्रेमध्ये उघडा ठेवू नका, बॅगेतच राहू द्या, आणि ट्रे मशिनमध्ये गेल्यावरच स्वतः पुढे व्हा. बॅग उघडायला सांगितली तर गर्दीत नोटा मोजू नका. बाजूला, तुमच्यासमोर मोजणी व्हावी अशी शांतपणे विनंती करा. रुपये माणशी २५,००० पर्यंत नेता येतात.

येतानाचा नियम वेगळा. परदेशी चलन कितीही आणता येतं. नोटा ५,००० डॉलरच्या वर, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० च्या वर असतील, तर मुंबईत सहारला उतरल्यावर ग्रीन चॅनलमधून, म्हणजे सांगण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, बाहेर न पडता रेड चॅनलवर जाऊन करन्सी डिक्लरेशन फॉर्म, म्हणजे चलनाच्या घोषणेचा फॉर्म, भरायचा आणि सही-शिक्क्याची प्रत मागून घ्यायची. याला दंड नाही, कर नाही, थोडा वेळ जातो. समजा अमेरिकेतला मुलगा परळच्या रुग्णालयात वडिलांच्या ऑपरेशनसाठी १२,००० डॉलर घेऊन आला आणि त्यातले आठ हजार उरले. तो फॉर्म असेल तर ते आठ हजार बिनघोर परत नेता येतील. नसेल तर त्याचेच पैसे त्याला सिद्ध करत बसावे लागतील. परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या एनआरई खात्यात एवढ्या नोटा भरायला गेलं तरी बँक हाच कागद मागते.

चूक झालीच तर काय होतं तेही माहीत असावं. दोन पंचांसमोर पंचनामा होतो, कस्टम्स कायद्याच्या ११० कलमाखाली जप्ती आणि १०८ कलमाखाली जबाब. हा जबाब पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो, म्हणून न वाचता सही करू नका. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा, आणि पंचनाम्याची प्रत घ्या. फेमा या परकी चलनाच्या कायद्याखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. आणि कुणा ओळखीच्या माणसाने "दुबईत माझा भाऊ घ्यायला येईल" म्हणत दिलेलं पाकीट तुमच्या बॅगेत असेल, तर पंचनाम्यात नाव तुमचंच येतं. गोड बोलून, नातं काढून, तिकिटाचे पैसे देऊन दिलेलं असलं तरी नाहीच म्हणा.

माझं भांडण तीन हजारांच्या मर्यादेशी नाही, ती नीट सांगितली जात नाही याच्याशी आहे. प्रत्येक मनी चेंजरने बिलावर मराठीत छापावं की जाताना इतकं, येताना इतक्याच्या वर घोषणा. टर्मिनल २ वर चेक-इनच्या रांगेतच, इमिग्रेशनच्या अलीकडे, हेच मोठ्या मराठी अक्षरांत हवं. इमिग्रेशन ओलांडल्यावर कळून उपयोग काय? जास्तीचे पैसे ज्याच्या हाती परत पाठवावेत असं घरचं माणूस तिथे नसतं.

परतल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांत विकायचं किंवा बँकेच्या आरएफसी डोमेस्टिक, म्हणजे परकी चलनातच पैसे ठेवायच्या, खात्यात भरायचं. २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासासाठी घरात ठेवता येतात. विकताना १,००० डॉलरपर्यंतचेच रुपये रोख मिळतात, त्यावर चेक किंवा खात्यात. नाणी कितीही ठेवा, पण ती इथे सहसा कुणी घेत नाही, तेव्हा परतीच्या विमानतळावरच्या चहा-कॉफीत संपवून या.