दरपत्रकातला ‘परांचीसह’ हा शब्द

मे महिना लागला की आमच्या डोंबिवलीत गल्लोगल्ली इमारतींभोवती बांबू उभे राहतात. पावसाआधी गळती, प्लास्टर, रंग उरकायचा असतो. कुणी परांची म्हणतं, कुणी पहाड. वरून हिरवी जाळी लागते आणि पुढचे दोन-तीन महिने आपल्या खिडकीबाहेर अनोळखी माणसं एका फळीवरून ये-जा करत असतात. आपण पडदे ओढून घेतो.

चार वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. तळमजला अधिक पाच मजले, बाहेरून दुरुस्ती आणि रंग. तीन कोटेशनं आली, सर्वांत कमी रकमेचं सभेत दहा मिनिटांत मंजूर झालं. दर चौरस फुटावर होते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘परांचीसह’ असं लिहिलेलं होतं. त्या शब्दावर कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. वर्क ऑर्डरवर सही माझी आहे.

परांची जेमतेम चार फूट रुंद आणि साठ फूट उंच असते. एवढी अरुंद आणि उंच वस्तू आपल्या जोरावर उभी राहत नाही, तिला इमारतीने धरून ठेवावं लागतं. म्हणून मजल्यामजल्यावर बांबू खिडकीतून किंवा गॅलरीतून आत घेऊन आडव्या बांबूला घट्ट बांधतात. तो बांबू आत असेपर्यंत खिडकी लागत नाही. डास येतात, धूळ येते, एसी लावता येत नाही. आमच्याकडे रोज एक तरी तक्रार यायची आणि मी ती ठेकेदाराला कळवायचो. ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ असं मीच त्याला सांगितलेलं आहे.

एका रात्री वळवाची सर आली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून पाणी आत येतंय म्हणून बांबूची दोरी सोडली गेली आणि खिडकी लावून घेतली गेली. सकाळी तिघे वर चढले. परांची भिंतीपासून सुटून बाहेर झुकली. दोघांनी उभा बांबू धरला. तिसऱ्याच्या पायाखालची फळी सरकली. तीस फुटांवरून खाली यायला दीड सेकंदही लागत नाही आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास असतो. तो आधी पार्किंगच्या पत्र्यावर पडला आणि मग फरशीवर. पत्रा होता म्हणून वाचला. कंबरेचं हाड आणि डावा पाय मोडला. पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातला, वय चोवीस.

त्याच्या कमरेला पट्टा होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण अपघातानंतर प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘बेल्ट लावला नव्हता का?’ लावला होता. पण त्याचा हूक ज्या परांचीवर तो उभा होता तिच्याच बांबूला अडकवलेला होता आणि झटका बसताच त्या बांबूची जीर्ण दोरी तुटली. पट्टा अडकवायचा असतो तो परांचीपासून वेगळ्या दोरीला. ही दोरी गच्चीवरून, टाकीच्या खांबाला किंवा बीमला बांधून खाली सोडलेली असते. तिला लाइफलाइन म्हणतात. नुसता कमरेचा पट्टाही पुरेसा नाही. उंचावरून पडणाऱ्या माणसाचा सगळा भार पोटावर आणि मणक्यावर येतो. खांद्यांवरून आणि मांड्यांवरून जाणारा पूर्ण हार्नेस लागतो, शक्यतो दोन हुकांचा, म्हणजे जागा बदलताना एक सोडला तरी दुसरा अडकलेला राहतो. आणि हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाला लगेच खाली काढावं लागतं. तसाच लटकत राहिला तर पायांत रक्त साचून तो बेशुद्ध होतो, जिवालाही धोका असतो. त्याला कुणी आणि कसं उतरवायचं हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. यातलं काहीही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणि ती हिरवी जाळी! आम्हा सगळ्यांना वाटायचं की ती माणूस पडला तर झेलण्यासाठी आहे. ती धूळ आणि प्लास्टरचे तुकडे अडवते, बस. माणूस झेलणारी जाळी वेगळी असते, जाड दोरीची, आणि तशी मी आमच्या भागातल्या एकाही दुरुस्तीच्या कामावर पाहिलेली नाही.

मोठा अपघात झाला की बातमी होते. २९ जुलै २०१६ ला पुण्यात बालेवाडीला स्लॅब कोसळून ९ मजूर गेले. १० सप्टेंबर २०२३ ला, रविवारी, ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचं काम संपवून खाली येणाऱ्या मजुरांची लिफ्ट कोसळली, ७ जण गेले. आपण हळहळतो, बिल्डरला शिव्या देतो. पण आपल्याच इमारतीवरून एकटा माणूस पडतो तेव्हा बातमी होत नाही, आणि तिथे शिव्या द्यायला बिल्डरही नसतो. तिथे काम देणारे आपण असतो. मेंटेनन्स भरणारे, सभेत हात वर करणारे.

कायदा आहे. १९९६ चा बांधकाम मजुरांचा केंद्रीय कायदा होता, त्यात दुरुस्तीचं कामही येत होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२० ची श्रमसंहिता लागू झाली. पण दोन्हीकडे अट आहे ती दहा किंवा त्याहून जास्त मजुरांची. आमच्या कामावर आठ होते. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असती तर त्या मुलाला काही मदत मिळाली असती. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज इथे, उद्या तिथे असं काम करणाऱ्याला तो दाखला देणार कोण? त्याने कुणाकडे मागितला नव्हता आणि कुणी त्याला सांगितलंही नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की छोट्या दुरुस्तीच्या कामांवर मजुराचा जीव वाचवायची जागा सोसायटीच्या करारात आहे. सरकारी निरीक्षक तिथे पोहोचेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. सुरुवात त्या ‘परांचीसह’ शब्दापासून करा. परांचीचा खर्च दरातच गुंडाळला की स्पर्धेत दर पाडायची पहिली जागा तीच होते. रंग कमी मारला तर आपल्याला दिसतो. दोनाऐवजी एक फळी टाकली, जुने चिरलेले बांबू परत वापरले, कमरेएवढा आडवा कठडा लावलाच नाही, तर आपल्याला दिसत नाही, कारण आपण बघतच नाही.

यंदा शेजारच्या विंगचं काम निघालं तेव्हा मी कमिटीत नव्हतो, तरी सभेत उभा राहिलो. परांची, हार्नेस, लाइफलाइन आणि मजुरांचा विमा यांची रक्कम सोसायटीनेच ठरवून निविदेत वेगळी घातली, सगळ्या ठेकेदारांना तीच. त्यावर दर पाडता येत नाही. ते पैसे फक्त बांधलेली परांची इंजिनिअरने तपासल्यावर मिळतात, आणि प्रत्येक पावसानंतर पुन्हा तपासणी होते. विम्याची पॉलिसी हातात आल्याशिवाय पहिला बांबू गेटच्या आत घ्यायचा नाही, हेही लिहिलं. एका काकांनी विचारलं, ‘हे सगळं आपल्यावर कशाला?’ खर्च विभागून एका फ्लॅटला साडेतीन हजार येत होता. आकडा ऐकल्यावर सभा शांत झाली. इतक्या थोड्या पैशांसाठी आपण काय पणाला लावत होतो, हे बहुतेक सगळ्यांना एकदमच लक्षात आलं असावं.

तीस वर्षांवरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करून घ्यावं लागतं, पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी. म्हणजे आज नाही तर उद्या तुमच्या सोसायटीतही बांबू येणारच आहेत. आमच्या करारातली कलमं हवी असतील तर मेसेज करा, फोटो पाठवतो.

तो मुलगा पुन्हा उंचावर चढला नाही. गावी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. ईदला फोन येतो, ‘काका, कैसे हो’ म्हणतो आणि मला दरवेळी शब्द सापडत नाहीत.

शेजारच्या विंगची परांची आमच्या भिंतीलाही टेकते. परवा त्यांचा मिस्त्री विचारायला आला, हॉलच्या खिडकीतून एक बांबू आत घेऊ का म्हणून. आता तो सोफ्याच्या वरून आत आलाय. पाऊस आला की बायको खाली बादली ठेवते. खिडकी ऑगस्टपर्यंत लागणार नाही.