अटलांटिकच्या हवेनं आमचा कूलर जाळला

मे महिन्यात पुण्याच्या मेहुण्याचा फोन येतोच. "भाऊजी, आमच्याकडे चाळीस गेलं हो, जीव नकोसा झालाय!" इथे नागपूरला अंघोळीचं पाणी रात्रीच बादल्यांत काढून ठेवावं लागतं, सकाळी नऊनंतर टाकीतलं घेतलं तर कातडी सोलून निघते, आणि हा चाळीसचं कौतुक सांगून राहिला.

तसं पंचेचाळीस आम्ही पचवतो. कांदा खिशात टाकायचा, दुपट्टा बांधायचा, चालले. हवामान खात्याच्या हिशोबानं मैदानी भागात पारा ४५ ला टेकला की उष्णतेची लाट, ४७ ला तीव्र लाट, ठीक आहे, पण बाप्पा ही लाट हटणार कधी? दोन दिवसांत जाणार की पंधरा दिवस मुक्काम? शिव्या घालायला सिमेंटचे रस्ते आहेत, तोडलेली झाडं आहेत, पण मुक्काम लांबवणारे बरेचदा भलतीकडेच बसलेले असतात.

म्हणजे बघा, तिकडे उत्तर अटलांटिकवर जास्त दाबाची हवा अडून बसते, त्यानं वरच्या वाऱ्यांत मोठमोठे हेलकावे तयार होतात, ते युरोप ओलांडत इकडे येतात आणि आपल्या डोक्यावरही तसाच जास्त दाब येऊन बसतो, लग्न उरकलं तरी न निघणाऱ्या पाहुण्यासारखा. मग वरची हवा खाली दबते, दबली की तापते, ढग धरत नाही, ऊन थेट जमिनीवर, आणि माती आधीच सुकलेली असल्यानं ओल उडण्यात खर्च व्हायची उष्णतासुद्धा आपल्याच वाट्याला. त्यात प्रशांत महासागरात एल निनो, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापणं, होऊन गेला असेल तर पुढच्या उन्हाळ्यात लाटा लांबतात. १९९८, २०१६, २०२४, आठवून बघा. २०२४ ला तर नागपूरच्या एका ऑटोमॅटिक यंत्रानं ५६ दाखवलं! सेन्सर बिघडला होता म्हणे. मला तर तेवढंच एक यंत्र मनापासून बोललं असं वाटलं.

तर अशा ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आमच्या कूलरचा पंप गेला, पाठोपाठ मोटरही जळली. मेकॅनिक आला, वुडवूलच्या ताट्या काढल्या, आत पांढऱ्या क्षाराचे हे एवढे थर.

"काकाजी, दिवसरात्र चालवता काऊन?"

म्हटलं, "काय करू भाऊ, सगळा लोचा अटलांटिकवर होऊन राहिला."

त्यानं फडक्यानं पाना पुसला. "तिकडचा मेकॅनिक दुसरा असंन. आपला एरिया सक्करदऱ्यापासून महालपर्यंतच."