सोपाऱ्याचा दगड आणि मामांचं ढकलपत्र

गेल्या आठवड्यात मामांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ढकलपत्र टाकलं. तेच मला त्या दिवशी आणखी तीन ग्रुपांवर दिसलं, एका ठिकाणी तर खाली एका वर्गमित्राने स्वतःचं नाव घालून. म्हणणं थोडक्यात असं: जगात धर्म दोनच प्रकारचे. एक मातीतले, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन, पारशी, यहुदी आणि आदिवासींचे. हे कुणाच्या दारात जात नाहीत. दुसरे प्रचारकी, म्हणजे ख्रिस्ती आणि इस्लाम. हे तलवार नाहीतर तांदळाचं पोतं घेऊन येतात. धर्म बदलणारा माणूस एकतर घाबरलेला असतो नाहीतर विकला गेलेला. मिशनऱ्यांच्या शाळा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. तेव्हा प्रचारावर सरसकट बंदी घाला. शेवटी जोडलेले हात आणि ‘मातीतले धर्म वाचवा’.

फोनवर मामांशी अर्धा तास झाला, पण अर्धा वेळ रेंजच नव्हती. म्हणून लिहून काढतो.

‘मातीतले धर्म कुणाच्या दारात जात नाहीत’

मामा राहतात वसईला. तिथून रिक्षाने जाता येईल अशा सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये त्याच परिसरात नवव्याचाही मिळाला. तुकड्यांवर थोडीच अक्षरं उरली आहेत, पण हेच लेख गिरनारला आणि इतरत्र पूर्ण आहेत, त्यामुळे मजकूर ठाऊक आहे. आठव्यात राजा म्हणतो, पूर्वीचे राजे शिकारीला निघत, मी धर्मयात्रेला निघतो. गावोगावच्या लोकांना भेटतो, त्यांना धर्म सांगतो. नवव्यात तर कमालच आहे. आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, त्यातून बायका तर फारच, आणि ते सगळे क्षुद्र नि निरर्थक. खरं मंगल ते धर्ममंगल. म्हणजे सोपाऱ्याच्या बंदरात एखादी आई तापाने फणफणलेल्या पोराची दृष्ट काढत बसली असेल, तर सम्राट तिला दगडावरून ऐकवतोय की बाई, याचा काही उपयोग नाही.

याला दारात जाणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

अशोकाने त्यासाठी कुणाला मारलं-झोडलं नाही हेही सांगायला हवं. बाराव्या लेखात तो स्वतःच्या पंथाची फाजील स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका असं बजावतो. त्याचा धम्म म्हणजे निव्वळ बौद्ध संप्रदाय नव्हे, असंही कुणी म्हणेल. ते खरं आहे. पण मग ‘महावंस’ हा श्रीलंकेतला जुना पाली बौद्ध ग्रंथ घ्या. त्यात कोणता भिक्षू कुठल्या मुलखात पाठवला त्याची यादीच आहे, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला महाधम्मरक्खित आला आहे. आपल्या मुलखाचं नाव ज्या जुन्या ग्रंथांत सापडतं, त्यांतल्या एकात ते धर्मप्रसाराचं ठिकाण म्हणून येतं, ही गंमत मामांना आवडणार नाही.

बाकीचं भराभर सांगतो. विदिशेजवळच्या बेसनगरला हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने गरुडस्तंभ उभारून स्वतःला भागवत, म्हणजे विष्णुभक्त, म्हणवलं, इसवीसनाच्या शंभरेक वर्षं आधी. त्याला कुणीतरी काहीतरी सांगितलंच असणार. चक्रधरांचे महानुभाव तर मराठी पोथ्या घेऊन पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत पोचले. आणि पारशी कधी कुणाच्या वाटेला जात नाहीत, हे हिंदुस्थानातल्या पारशांपुरतं ठीक. इराणात सत्ता हातात होती तेव्हा, तिसऱ्या शतकात, कर्तीर नावाच्या त्यांच्या मुख्य धर्मगुरूने आपण यहुदी, श्रमण (म्हणजे बौद्ध), ब्राह्मण, ख्रिस्ती यांना कसं चेपलं हे मोठ्या अभिमानाने खडकावर कोरून ठेवलंय.

मणिपूरचं उदाहरण मात्र भराभर सांगण्यासारखं नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या पामहैबा राजाने, म्हणजे गरीबनिवाजने, शांतिदास गोसाईंच्या प्रभावाखाली वैष्णव धर्म घेतला. घेतला तो घेतला, प्रजेवरही लादला. मैतेईंच्या जुन्या देवतांची ठाणी मोडली, त्यांच्या ‘पुया’ या पोथ्या जाळल्या, पुढे त्यांची लिपी मागे पडून बंगाली लिपी आली. आजही तिथे दर वर्षी लोक ‘पुया मैथाबा’ म्हणून त्या जाळपोळीची आठवण पाळतात. जाळणारे हरिनाम घेणारे होते.

‘ते तलवार घेऊन येतात’

हा मुद्दा मी खोडणार नाही. गोव्यात झालं ते झालंच. इन्क्विझिशन १५६० ते १८१२, मधली चार-पाच वर्षं सोडली तर सलग. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, गेली, कारण तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. १६८४ मध्ये तर कोंकणी बोलणंच बंद करायचं फर्मान निघालं.

पण या सगळ्यात मला सर्वांत काळं वाटतं ते १५५९ चं एक फर्मान, ज्याच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. ‘अनाथ’ हिंदू मुलं पाद्र्यांच्या ताब्यात द्यावीत आणि ख्रिस्ती म्हणून वाढवावीत. पुढे तर नुसता बाप मेलेलं मूलही ‘अनाथ’ धरलं गेलं, आई जिवंत असली तरी. देऊळ गलबतात घालून नेता येतं. या बाईने काय करायचं?

तेव्हा गोव्याचा दाखला कुणी दिला की मी मान खाली घालून ऐकतो. मात्र त्यावरून ‘प्रचार म्हणजेच तलवार’ असं निघत नाही, कारण तिथून चारशे मैलही नसलेल्या मुंबईत गोष्ट अगदी वेगळी घडली. तिथे तर कंपनी सरकारनेच १८१३ पर्यंत मिशनऱ्यांना दूर ठेवलं होतं. बाजारपेठेत उगाच गडबड नको हा हिशेब. नंतर ते आले, व्याख्यानं देऊ लागले, आणि १८५७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबाबा ब्रह्मचारी त्यांच्याशी वाद घालायला समुद्रकिनाऱ्यावर उभे ठाकले. आठवड्यामागून आठवडे वाद चालला, माणसं वाळूत बसून ऐकत. त्याचा वृत्तांत बोवेन नावाच्या एका मिशनऱ्यानेच इंग्रजीत छापला. विष्णुबाबांनी ‘यांना बोलू देऊ नका’ अशी मागणी केली नाही. ते स्वतः बोलायला गेले.

वाळूवरचा मिशनरी आणि गोव्याचा पाद्री, दोघांचं पुस्तक एकच होतं. हातात मात्र एकाच्या फक्त तेवढंच होतं आणि दुसऱ्याच्या मागे कोतवाल उभा होता.

‘धर्म बदलणारा घाबरलेला किंवा विकला गेलेला’

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांना काय मिळालं? संसार मोडला, लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दुरावल्या. हा सौदा असेल तर फारच वाईट सौदा. बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ मध्ये सांगितलं आणि नागपूरला १९५६ मध्ये केलं. एकवीस वर्षं वाचून, तोलून, नाकारून घेतलेला निर्णय ‘घाबरलेल्या’चा? ढकलपत्र लिहिणाऱ्याने बौद्ध धर्म मातीतल्या खात्यावर टाकून ही अडचण टाळली आहे. पण नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेशाला देव न मानण्याची आहे. धर्मांतर ते धर्मांतरच.

आता अवघड उदाहरण, आणि ते माझ्याच बाजूला टोचणारं. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, आधी मुंबईत, मग १८९० मध्ये ते पुण्याला नेलं. पैसा अमेरिकेतला, पण धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं. त्या भरवशावर रानडे, भांडारकर सल्लागार झाले. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करत. दार उघडं असे. ज्या मुलीला वाटेल ती येऊन बसे. त्यावरून गदारोळ झाला, ‘केसरी’ तुटून पडला, १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या.

रमाबाईंविषयी मला पराकोटीचा आदर आहे. त्यांनी खोटं सांगितलं असंही नाही. तरी त्या उघड्या दाराबद्दल मला अजून नीट उत्तर सापडत नाही. ज्या पोरीला जगात दुसरीकडे कुठे जागा नाही, जिला दोन वेळचं जेवण आणि अक्षरओळख त्या एकाच बाईकडून मिळते, तिने त्या खोलीत पाऊल टाकलं तर ते तिचं एकटीचं पाऊल असतं का? नसतं, निदान पूर्ण नसतं. पण मग तोच प्रश्न मागे जातो. त्याच पोरीला न्हाव्यासमोर बसवून केशवपन केलं, तेव्हा ‘तुझा धर्म तुला मान्य आहे ना’ असं तिला कुणी विचारलं होतं? सदनावर रागावलेल्यांपैकी कितीजणांच्या घरी तिला जागा होती?

‘आपण कुणाला ओढत नाही, हेच आपलं मोठेपण’

कधीकधी हे मोठेपण नसतं, दाराला आतून कडी असते. शिवाजी महाराजांनी औरंगजेबाने बाटवलेल्या नेतोजी पालकरांना १६७६ मध्ये शुद्ध करून घेतलं, ते आपण कौतुकाने सांगतो ते अपवाद म्हणूनच. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री या लहान मुलाचं प्रकरण झालं. मोठा भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला, श्रीपत त्याच्याकडे राहिलेला. वडिलांनी कोर्टात जाऊन मुलगा परत मिळवला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायची खटपट केली, तर सनातन्यांनी बाळशास्त्रींनाच धारेवर धरलं. पोर काही धर्मशास्त्र बोलत नव्हतं, परकं अन्न पोटात गेलं होतं इतकंच. बाहेरच्याला आत घ्यायचं तर कुठल्या जातीत घ्यायचं, या प्रश्नावर आपला ‘प्रचार न करण्याचा’ मोठेपणा बराचसा उभा आहे.

पारशांचंही तेच. रतनजी दादाभॉय टाटांच्या फ्रेंच पत्नीच्या, म्हणजे जे. आर. डीं.च्या आईच्या निमित्ताने खटला उभा राहिला. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टाने म्हटलं की जरथुस्त्री धर्मात बाहेरच्याला घ्यायला मनाई नाही. पण पारशी ही जमात जन्माची, आणि तिच्या धर्मादाय संस्थांचा लाभ जन्माने पारशी असलेल्यांना. २०११ च्या जनगणनेत भारतात पारशी ५७,२६४ उरले होते.

‘मिशनऱ्यांच्या शाळा म्हणजे आमिष’

काही होत्याच. पण मासा गळातला किडा खाऊन निघून गेला, अशीही उदाहरणं आहेत. अलिबागला इस्रायल आळी आहे. तिथले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली. शतकानुशतकं कोकणात राहून त्यांच्याकडे हिब्रूतली ‘शेमा’ ही प्रार्थना आणि काही चालीरीती उरल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनच्या शाळा आल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. हेतू उघड होता. बेने इस्रायलींनी व्याकरण घेतलं, शाळा घेतल्या, आणि त्या हिब्रूच्या जोरावर आपलाच धर्म पक्का केला. ख्रिस्ती झाले ते बोटांवर मोजण्याइतके. जोतीरावही स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती झाले नाहीत, सत्यशोधक झाले.

शिकलेला माणूस पढवलेल्या वाटेनेच जातो, असं ढकलपत्रवाल्यांना का वाटतं कुणास ठाऊक.

‘प्रचारावर बंदी घाला’

‘प्रचार’ हा शब्द राज्यघटनेच्या आजच्या कलम २५ मध्ये राहू द्यावा की नाही, यावर घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये कडाक्याची चर्चा झाली आणि तो राहिला. कन्हैयालाल मुन्शींसारखा हिंदू परंपरेचा अभिमानी माणूस तो राहू द्या म्हणणाऱ्यांत होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. बळजबरी, फसवणूक, आमिष यांविरुद्ध कायदे ओरिसात १९६७ पासून आणि मध्य प्रदेशात १९६८ पासून आहेत. बळजबरीला शिक्षा व्हावी याला माझी काहीच हरकत नाही. पण उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात माणसाने नुकताच सोडलेल्या धर्मात परतणं हे धर्मांतरच धरलेलं नाही. जाताना जे आमिष, ते परत येताना प्रसाद कसं होतं, हे मामांनी मला समजावून सांगावं.

आणि आदिवासींचं काय? ढकलपत्रात त्यांना यादीच्या शेवटी बसवलंय. जव्हारजवळच्या एका वारली पाड्यावर मी लग्नाला गेलो होतो. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला होता, मध्ये पालघाट देवी, आणि लग्न लावायला धवलेरी, म्हणजे बाई. भटजी नाही, पाद्री नाही. म्हातारी रात्रभर गात होती. सकाळी चहा घेताना म्हणाली, यंदा तीन घरं गेली. मला वाटलं, प्रार्थनेला जायला लागली. तर म्हणाली, एक प्रार्थनेला, दोन भटजीकडे.

झारखंडच्या विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये जनगणनेत आदिवासींच्या सरना धर्माला वेगळा रकाना हवा असा ठराव केला. २०११ च्या फॉर्मवर धर्माचे आकडे सहाच होते: हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन. बाकी सगळ्यांनी धर्माचं नाव अक्षरांत लिहून घ्यायचं, आकडा नाही. तरीही देशभरातून सुमारे ७९ लाख लोक ‘इतर’मध्ये मोजले गेले. त्या धवलेरीला हिरवा देव, नारनदेव, वाघदेव एवढे सगळे पाठ आहेत. तिच्या फॉर्मवर प्रगणकाने कोणता आकडा टाकला, हे तिला सांगता आलं नाही.