ऑक्सिजनचं काढ, इंजिनाला दे

आज लातूरला मावसबहिणीच्या वास्तुशांतीला गेले होते. दुसरी पंगत उठत होती. एका पाहुण्या गृहस्थांनी तिच्या अकरावीतल्या मुलाच्या रजिस्टरची मागची पानं सगळ्यांसमोर टराटरा फाडली. "असली जहाजं काढून नीटला मार्क पडतात व्हय?" लोक हसले. पोरगं मान खाली घालून खरकटी ताटं उचलायला निघून गेलं. त्याची आई माझ्याकडे बघत होती, पण घरचा कार्यक्रम, पाहुणा मानाचा, बोलणार कोण?

ती फाटकी पानं मी गोळा करून पर्समध्ये घालून आणलीत. आता समोर जोडून ठेवलीत. पट्टी लावून काढलेलं अंतराळातलं लढाऊ जहाज आहे, वरून छप्पर काढल्यावर दिसावं तसं. प्रत्येक खोलीला नाव दिलंय: शिल्ड, इंजिन, शस्त्रं, दवाखाना, ऑक्सिजन. दारं लाल पेनने, वायरिंग निळ्या पेनने. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, "इथे आग लागली तर आतल्या दोघांना कुठून काढायचं?" हे ज्याला सुचतं ते लेकरू वाया गेलेलं आहे का? सांगा बरं मला!

तो एफटीएल खेळतो, म्हणजे 'फास्टर दॅन लाइट'. मीच त्याला दिला. 2012 साली जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी नोकरी सोडून बनवलेला गेम. लोकांकडे 10,000 डॉलर मागितले होते, दोन लाखांच्या वर जमले. त्यात बंदूक धरून पळायचं नसतं. एक जहाज, मोजकी माणसं, मागे बंडखोरांचं अख्खं आरमार लागलेलं, आणि अणुभट्टीची वीज (ती बारमध्ये मोजतात) कायम कमी. कुणाला द्यायची आणि कुणाची काढायची, सगळा खेळ एवढाच.

आणि हा खेळ मला कुणी शिकवला, तर माझ्या आण्णांनी.

आण्णा विजेच्या 33 केव्ही उपकेंद्रात ऑपरेटर होते, अंबाजोगाईच्या बाजूला. ज्या काळात आपल्याकडे 12-12 तास वीज नसायची त्या काळात. वरून फोन यायचा, इतका लोड कमी करा. मग गावठाणाचा फीडर, म्हणजे तिकडे वीज नेणारी लाइन, पाडा, नाहीतर शेतीपंपाचा. दारात लोक येऊन शिव्या घालायचे. दवाखान्याच्या फीडरला मात्र शक्यतो हात लागू द्यायचे नाहीत. रिटायर झाल्यावर माणूस एकदम गप्प झाला. एका संध्याकाळी मी लॅपटॉपवर हा गेम खेळत होते, तर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. शत्रूचं क्षेपणास्त्र शिल्डच्या खोलीत लागलं होतं, इंजिनाला वीज कमी पडत होती, पळून जायला वेळ लागत होता. आण्णा म्हणाले, "ऑक्सिजनचं काढ, इंजिनाला दे. हवा काय लगेच संपायली व्हय? टाकीतल्या पाण्यासारखी असती ती. काढ की, बघत काय बसलीस!"

काढलं, आणि निसटलो. इंग्रजीचं एक अक्षर न वाचता आण्णांनी तो गेम ओळखला होता, कारण तेच काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

खरं सांगायचं तर हे लिहिताना राग जरा उतरलाय. आण्णांचा विषय निघाला की माझं असंच होतं.

पण त्या गृहस्थांनी पुढे जे ऐकवलं ते आठवलं की पुन्हा चढतो. म्हणे रमी आणि हे सगळं एकच. कसं काय एकच हो? पैशाच्या ऑनलाइन खेळांवर 2025 मध्ये केंद्राने बंदीचा कायदा आणला, कारण घरं बुडत होती. या पोराच्या जहाजात एक रुपया जात नाही, साधं इंटरनेटही लागत नाही. हो, रात्र रात्र जागून अभ्यास बुडवणारी पोरं आहेत, मान्य. त्यांना आवरा. वह्या कशाला फाडता?

मोठ्या जहाजांची गंमतच वेगळी आहे. ती चटकन वळत नाहीत, म्हणून आधी विचार करावा लागतो. ईव्ह ऑनलाइन नावाच्या गेममध्ये जानेवारी 2014 ला बी-आर-5-आर-बी नावाच्या अंतराळातल्या ठिकाणी लढाई झाली. सुमारे 21 तास चालली, हजारो माणसं जगभरातून त्यात उतरली, टायटन नावाची सगळ्यात अवाढव्य जहाजं 75 पडली. आणि ठिणगी कशाची? एका गटाचं त्या भागाच्या ताब्याचं बिल भरायचं राहून गेलं! आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग? बिल थकलं की कनेक्शन तुटणारच." इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

एक गोष्ट मात्र आण्णा हसण्यावारी न्यायचे नाहीत. जहाजात आग लागली की बाहेरची दारं उघडायची, हवा निघून जाते, आग आपोआप विझते. मी घाईने दार उघडायला गेले की ते माझा हात धरायचे. "आधी आत माणूस आहे का बघ." लाइनमन पोलवर असेल आणि परमिट, म्हणजे लाइनवर काम करायची चिठ्ठी, परत आलं नसेल, तर कुणाचाही फोन येवो, कितीही मोठा साहेब असो, आण्णा लाइन चालू करायचे नाहीत. अंधारात गावच्या गाव ओरडत असायचं, हे ढिम्म. गेममध्येही एक खलाशी गेला तर जेवताना बोलायचे नाहीत.

आणि आज त्या पानाच्या कोपऱ्यात त्याच काळजीचा प्रश्न, एका अकरावीच्या पोराच्या अक्षरात. त्याला आण्णांनी शिकवलेलं नाही, तो त्यांना धड ओळखतही नाही. खेळता खेळता त्याचं त्याला कळलं. मार्कांसाठी शिकवणी लावता येते. ही काळजी कुठल्या क्लासात शिकवतात ते त्या गृहस्थांनी मला सांगावं.

मावसबहिणीला मघाशीच फोन केला. वार्षिक परीक्षा झाली की पोरगं आमच्याकडे राहायला येणार, लॅपटॉप घेऊन. आण्णांना सांगून ठेवलंय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अणुभट्टी किती बारची हाय त्याची?"

त्या पाहुण्यांच्या ओळखीचे बरेच जण माझ्या यादीत आहेत. खुशाल दाखवा त्यांना ही पोस्ट.