आधी गॉब्लिन, मग व्हॅम्पायर
'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळावरचा लेख आवडला, पण त्यात नवख्यांना थेट 'कर्स ऑफ स्ट्राड' ही व्हॅम्पायरची साहसकथा सुचवणं काही पटलं नाही. त्यातलं सुरुवातीचं 'डेथ हाउस' नावाचं झपाटलेलं घरच पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी कच्च्या पात्रांना गिळून टाकतं. त्यापेक्षा २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं (नवख्यांसाठीच्या संचातलं) 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' हे साहस घ्या. पाच पात्रं तयार मिळतात, पाचव्या लेव्हलपर्यंत खेळता येतं. वाटेत दोन मेलेले घोडे, झुडपात चार गॉब्लिन (छोटे दुष्ट राक्षस), की झाला खेळ सुरू! आमच्याकडे मात्र फासे असे रुसले की दुसऱ्याच फेरीत विझार्ड (जादूगार) आडवा. (डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच होतो, दोन गॉब्लिन गुपचूप पळवून लावले.) पुढे गुहेतला क्लार्ग नावाचा बगबेअरही (गॉब्लिनचा धिप्पाड, केसाळ भाऊबंद) एका फटक्यात लोळवतो, तेव्हा खेळाडू तिघंच असतील तर त्याला जरा आवरा.